कोळंबीच्या एकोणीस जोड्या

माझ्या पिढीत प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या कोणालाही ‘कोळंबीची उपांगे’ एवढे दोन शब्द ऐकवले, तरी त्याच्या नाकात फॉर्मॅलिनचा वास उभा राहतो. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत प्रत्येकाच्या ट्रेमध्ये एक कोळंबी येत असे. तिच्या एका बाजूच्या मिशा, जबडे, पाय, पोहण्याची वल्ही आणि शेपटीच्या पंख्याची पाकळी, असे जे जे शरीराच्या खंडाखंडाला फुटलेले असते, ते सर्व चिमट्याने मुळापासून सोडवून कार्डावर क्रमाने मांडायचे आणि प्रत्येकाखाली नाव लिहायचे, असा तो प्रश्न असे. हिशेब ठरलेला होता. डोक्याच्या पाच, वक्षाच्या आठ आणि उदराच्या सहा, अशा एकूण एकोणीस जोड्या. एका बाजूचे काढले की कार्डावर एकोणीस तुकडे दिसले पाहिजेत.

माझ्या कार्डावर अठरा होते. पहिली जंभिका, म्हणजे जबड्याच्या लगेच मागचा तो नखाच्या चिपेएवढा पातळ पापुद्रा, चिमट्याच्या टोकाला चिकटून बसला आणि मी चिमटा नळाखाली धरला तेव्हा बेसिनमधून निघून गेला. दुसऱ्या बाजूचा तुकडा आधीच फाटला होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कार्डावर पेन्सिल टेकवत एक एक तुकडा मोजला, पुन्हा मोजला, आणि म्हणाले, “तुमच्या कोळंबीचा एक खंड बिनपायाचा आहे.” गुण गेले ते गेलेच. पण ते वाक्य मात्र पुढे अनेक वर्षे, विशेषतः स्वतः शिकवू लागल्यावर, मला वेगळ्याच कारणाने आठवत राहिले, कारण बिनपायाचा खंड ही काही अशक्य कोटीतली गोष्ट नाही. तसा खंड असलेला एक प्राणी आपल्या सर्वांच्या स्वयंपाकघरात रात्री दिवा लावला की सिंकखाली पळतो. त्याच्याकडे मी येणारच आहे.

आता फॉर्मॅलिन नाही, कार्ड नाही आणि परीक्षक तर नाहीतच. तरी कोळंबी निवडायला बसले की माझे हात सवयीने तिला आधी उताणी करतात. बाजारातल्या कोळंबीचे डोके मोडून टाकण्यापूर्वी तिला एकदा तळहातावर उताणी धरून पाहावे, म्हणजे तिचे सगळे गणित एका ओळीत दिसते. पुढे मिशांच्या दोन जोड्या असतात. त्यांपैकी मागच्या जोडीची दोरी शरीराहून लांब, आणि तिच्या बुडाशी एक चपटी, पातीसारखी पाकळी असते, जी पोहताना सुकाणूसारखी वळवता येते. त्यामागे जबडा येतो. तो टणक असून त्याला आतल्या बाजूस कातरण्याची धार आणि दळण्याचा उंचवटा असतो, आणि बोटाने चाचपला तर खडा लागल्यासारखा वाटतो. जबड्यामागे जंभिकांच्या दोन पातळ जोड्या असतात. त्यांतल्या दुसरीला होडीच्या आकाराची एक पाती असून ती जिवंत कोळंबीत सतत फडफडत असते. कल्ल्यांवरून पाणी ओढले जाते ते तिच्यामुळे, आणि ती थांबली की कोळंबीचा श्वासच थांबतो. त्यानंतर जंभपादांच्या तीन जोड्या येतात. त्या नावाप्रमाणेच निम्मे जबडा आणि निम्मे पाय असून, पहिली जोडी पापुद्र्यासारखी, तर तिसरी जवळजवळ पूर्ण पायासारखी असते. मग चालण्याच्या पायांच्या पाच जोड्या. त्यामागे उदराखाली वल्ह्यांच्या पाच जोड्या आणि शेवटी मधल्या टोकदार खंडाच्या दोन्ही बाजूंना पसरणारी, पंख्याच्या पाकळ्यांची सहावी जोडी.

या रांगेत सर्वांत प्रामाणिक कोण, असे मला विचारले तर मी उदराखालचे वल्हे दाखवीन. त्याला एक आखूड दांडा असून दांड्याला दोन फाटे असतात. पहिली मिशी सोडली तर कोळंबीच्या प्रत्येक उपांगाचा मूळ नमुना हाच. चालण्याच्या पायात आतला फाटा लांब होऊन बाहेरचा जवळजवळ नाहीसा होतो, मिशीच्या बुडाशी असलेली ती पाती म्हणजे बाहेरचाच फाटा चपटा झालेला असतो, आणि जबड्यात दांड्याचा बुंधाच तेवढा दात बनून राहतो. एकदा हा नमुना डोळ्यांत भरला की रांगेतली कुठलीही वस्तू ‘वेगळी’ वाटत नाही, ती वेगळ्या कामाला लावलेली वाटते.

बाजारात समुद्राची कोळंबी आणि नदीची कोळंबी शेजारी शेजारी मिळाली, तर आणखी एक गोष्ट पाहता येते. समुद्रातल्या टायगर किंवा तिच्या जातभाईंच्या पायांच्या पहिल्या तीन जोड्यांना बारीक चिमटे असतात. नदीच्या कोळंबीच्या पहिल्या दोनच जोड्यांना चिमटे असतात, आणि नराच्या दुसऱ्या जोडीचा चिमटा तर कधी कधी शरीराहून लांब असतो. पाठीवरच्या कवचाच्या कड्या बाजूने पाहिल्या तर समुद्राच्या कोळंबीत पहिली कडी दुसरीवर कौलासारखी चढलेली दिसते. नदीच्या कोळंबीत मात्र दुसरी कडी पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही कड्यांवर चढलेली असते. हा फरक वरवर क्षुल्लक आहे, पण तो ध्यानात ठेवावा, कारण या दोघींची बाळंतपणेही तितकीच निराळी आहेत.

आपण खातो ते मांस म्हणजे उदर आकसून घेणारे स्नायू. संकट आले की कोळंबी शेपूट पोटाखाली झटकन दुमडते आणि उलट दिशेने उडी घेते, त्या एका झटक्यासाठी एवढा ऐवज साठवलेला असतो. खेकड्याने हा मार्ग सोडला. त्याच्या पोटावर जे त्रिकोणी झाकण दिसते, नराचे अरुंद आणि मादीचे रुंद व गोलसर, तेच त्याचे उदर. कोळंबीच्या शरीराचा जो भाग आपण चवीने खातो, तोच भाग खेकड्याने चपटा करून छातीखाली दुमडून ठेवला आहे. म्हणून चिंबोरी साफ करताना ते झाकण आपण उचकटून फेकतो आणि मांस पायांत व छातीच्या कप्प्यांत शोधतो.

दोऱ्याबद्दलही थोडे सांगायला हवे. कोळंबीच्या पाठीतून आपण जो काळा दोरा काढतो ते तिचे आतडे असते आणि पोटाच्या बाजूने चीर दिली तर जो बारीक पांढरा धागा दिसतो ती मज्जारज्जू. हृदयही पाठीकडेच असते. आपल्या शरीराशी ताडून पाहिले तर हे सगळे उलटे आहे. १८२२ साली पॅरिसमध्ये प्राणिशास्त्रज्ञ एतियेन जॉफ्रुआ सेंतिलेर यांनी चिरलेला शेवंड (लॉब्स्टर) उताणा ठेवून दाखवला आणि म्हटले की, असे ठेवल्यावर त्याच्या अवयवांची मांडणी पृष्ठवंशीय प्राण्यांसारखी दिसते. त्या काळी यावर मोठा वाद झाला आणि कल्पना मागे पडली. १९९० च्या दशकात मात्र असे आढळले की, माशीच्या गर्भात पाठ ठरवणारे प्रथिन आणि बेडकाच्या गर्भात पोट ठरवणारे प्रथिन ही एकाच घराण्यातली आहेत, आणि त्यांना अडवणारी प्रथिनेही परस्परांची नातलग आहेत. हा विषय मोठा आहे आणि तो येथे पुरा होणार नाही, परंतु दोरा काढताना मला तो उताणा शेवंड आठवल्यावाचून राहत नाही.

आता सिंकखालच्या त्या प्राण्याकडे वळू. झुरळाचे तोंड भिंगाखाली उलगडले तर वरचा ओठ बाजूला सारल्यावर क्रमाने जबड्याची एक जोडी, जंभिकांची एक जोडी आणि खालचा ओठ दिसतो. हा खालचा ओठ एकसंध दिसत असला तरी त्याची मधली शिवण पाहिली आणि दोन्ही बाजूंच्या बारीक स्पर्शकांकडे लक्ष दिले की तो दुसऱ्या जंभिकांची जोडी एकमेकींना चिकटून झाला आहे, हे उघड होते. मिशा, जबडा, पहिली जंभिका, दुसरी जंभिका, हा क्रम आपण नुकताच कोळंबीत पाहिला. ही गोष्ट पहिल्यांदा नीट मांडली ती फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ झ्यूल सेझार साव्हिन्यी यांनी, १८१६ मध्ये. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेबरोबर ते एकविसाव्या वर्षी गेले होते. फुलपाखराची सोंड, मधमाशीची जीभ आणि भुंगेऱ्याचा जबडा ही एकाच तोंडाची रूपे असून ते तोंड मुळात पायांचेच बनले आहे, हे त्यांनी अतिशय बारीक चित्रे काढून दाखवले. पुढे त्यांच्या डोळ्यांना असा विकार जडला की उजेड सहन होईना, आणि आयुष्याचा उत्तरार्ध त्यांना अंधाऱ्या खोलीत काढावा लागला.

पण झुरळात मिशांची जोडी एकच असते. कोळंबीला दोन असतात. मग दुसरी कुठे गेली? झुरळाचा किंवा कोणत्याही कीटकाचा कोवळा गर्भ पाहिला तर मिशांचा खंड आणि जबड्याचा खंड यांच्यामध्ये एक चिंचोळा खंड दिसतो, ज्याला उपांग फुटतच नाही. कोळंबीची लांब मिशी ज्या खंडावर असते, तोच हा खंड. परीक्षकांनी माझ्या कार्डावर पाहिलेला बिनपायाचा खंड प्रत्येक मुंगीच्या, माशीच्या आणि झुरळाच्या डोक्यात आहे. हरवलेली जोडी मात्र वेगळी आहे, माझी पाचांतली चौथी होती आणि त्यांची दुसरी. जनुकांची तुलना जसजशी व्यापक होत गेली, तसतसे, विशेषतः २०१० च्या सुमारास, हेही पक्के झाले की कीटक हे कवचधाऱ्यांचे, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या गटाचे, शेजारी नसून त्यांच्याच वंशातली एक शाखा आहेत. स्वयंपाकघरातल्या झुरळाचे नाते न्हाणीघरातल्या गोमेपेक्षा ताटातल्या कोळंबीशी अधिक जवळचे आहे. हे सांगितल्यावर माझ्या घरात दोन दिवस कोळंबी कोणी खाल्ली नव्हती, तेव्हा वाचकांनी ही माहिती जेवणानंतरच द्यावी. गोमेच्या डोक्यातही नेमकी हीच जोडी नसते, आणि ती तिच्या वंशाने स्वतंत्रपणे टाकली असे मानले जाते. जमिनीवर आलेल्या दोघांनी तीच एक जोडी का टाकावी, याचे उत्तर मला कोळंबीच्या पिल्लात दिसते.

समुद्राची कोळंबी अंडी पाण्यात मोकळी सोडून देते. त्यातून एका दिवसाच्या आत जे बाहेर पडते त्याला नॉप्लिअस म्हणतात. अर्ध्या मिलिमीटरच्याही आत मावणारा तो ठिपका असतो, त्याला कपाळावर एकच डोळा असतो आणि उपांगांच्या जोड्या फक्त तीन असतात. पहिली मिशी, दुसरी मिशी आणि जबडा. त्याला चालण्याचे पाय नसतात, उदर नसते, आणि तो काही खातही नाही, कारण बलकाची शिदोरी बरोबर असते. या तीन जोड्यांनी तो पोहतो. ज्याला आपण पुढे जबडा म्हणणार, तो या वयात केसाळ, दोन फाट्यांचे वल्हे असतो. जबडा हा मुळात पाय आहे हे साव्हिन्यींना चित्रांच्या आधारे पटवून द्यावे लागले, पण नॉप्लिअस ते प्रत्यक्ष करून दाखवतो.

पुढची वाढ मागच्या टोकाकडून होते. शेपटीच्या अलीकडे नवे नवे खंड भरत जातात आणि प्रत्येक खंड आपली जोडी घेऊन येतो. टायगर कोळंबीच्या हॅचरीत काम करणाऱ्यांना या पायऱ्या तोंडपाठ असतात. नॉप्लिअसच्या सहा, त्यानंतर प्रोटोझोइयाच्या तीन, मायसिसच्या तीन आणि मग पोस्टलार्व्हा, ज्याला व्यवहारात ‘पीएल’ म्हणतात आणि ज्याच्या पुढे दिवसांचा आकडा लावून बियाण्याची खरेदी होते. मला या पायऱ्यांच्या नावांपेक्षा एक वेगळीच गोष्ट फार मोहक वाटते. नॉप्लिअस आणि प्रोटोझोइया मिशांनी पोहतात. मायसिस वक्षाच्या पायांना असलेल्या बाहेरच्या फाट्यांनी पोहतो. पीएल झाल्यावर ते काम उदराखालच्या वल्ह्यांकडे जाते आणि कायम तिथेच राहते. पोहण्याचे काम डोक्यापासून शेपटीकडे खंडाखंडाने सरकत जाते, आणि ज्या खंडाचे काम सुटले त्याची उपांगे दुसऱ्या कामाला लागतात. मिशी वास व स्पर्श घेऊ लागते, जबडा दळू लागतो, पाय चालू लागतात. दुसरी मिशी ही मुळात या पिल्लाचे मुख्य वल्हे आहे. कीटकांना पाण्यात वाहत जाणारे असे पिल्लूच उरले नाही, आणि ते वल्हेही उरले नाही. या दोन गोष्टींचा संबंध मी जोडते तो माझा तर्क आहे, सिद्धांत नव्हे.

नॉप्लिअस हे नाव १७८५ साली डॅनिश निसर्गशास्त्रज्ञ ओटो फ्रेडरिक म्यूलर यांनी दिले, पण हा कोणाचे तरी पिल्लू आहे असे समजून नव्हे, तर स्वतंत्र प्राणी समजून. खेकड्याच्या पिल्लाचेही असेच झाले. काटेरी शिरस्त्राण घातल्यासारखा झोइया आणि त्यानंतरचा, खेकडा व कोळंबी यांच्या मध्ये अडकल्यासारखा दिसणारा मेगॅलोपा, हे दोन्ही आधी निरनिराळ्या प्राण्यांची नावे म्हणूनच ग्रंथांत आले. हा गोंधळ सोडवण्यात आयर्लंडमधल्या कॉर्कजवळ राहणाऱ्या जॉन व्हॉन टॉम्पसन या लष्करी शल्यचिकित्सकाचा मोठा वाटा होता. त्याने झोइया बाळगून त्याचा खेकडा होतो हे पाहिले, आणि १८३० मध्ये त्याहून मोठी गोष्ट प्रसिद्ध केली. समुद्रकिनाऱ्यावरच्या खडकांना चिकटलेली, अनवाणी चालणाऱ्याचे तळपाय कापणारी जी पांढरी शंक्वाकृती कवचे असतात, त्या बार्नेकलांना तोपर्यंत शिंपल्यांच्या वर्गात बसवले जात असे. टॉम्पसनने त्यांचे पोहणारे पिल्लू खडकाला चिकटताना पाहिले, आणि ते कवचधाऱ्यांचे निघाले. बार्नेकल डोक्यावर उभा राहून, घर बांधून, आयुष्यभर पायांनी तोंडात अन्न ढकलणारा कोळंबीचा नातलग आहे. प्रौढ रूपावरून हे कोणाला कळले नसते. पुढे १८६० च्या दशकात ब्राझीलच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या फ्रिट्झ म्यूलर यांना कोळंबीसारख्या ‘वरच्या’ कवचधाऱ्यातही नॉप्लिअस सापडला आणि ही तीन जोड्यांची सुरुवात सर्व घराण्याची आहे, हे दिसून आले.

या सगळ्या वाढीला एकच अडचण असते, ती म्हणजे कवच. ते ताणत नाही. म्हणून संधिपाद, म्हणजे कीटक-कोळंबीसारखे सांध्यांच्या पायांचे, प्राणी हळूहळू वाढत नाहीत, तर कात टाकून पायरीपायरीने वाढतात. कोकणात आणि मुंबईच्या कोळीवाड्यांत अमावास्येच्या चिंबोऱ्या भरलेल्या आणि पौर्णिमेच्या पोकळ, असे ठाम सांगितले जाते. चंद्राचा भाग बाजूला ठेवून मी एकदा मासळीवाल्या मावशींना पोकळ म्हणजे काय ते विचारले. त्यांनी एक चिंबोरी उचलली, तिच्या पोटाकडच्या कवचावर, पायांच्या मुळाशी, अंगठ्याने दाबले आणि म्हणाल्या, “बघा ताई, दबते. ही नवी हाय. हिच्यात पानीच पानी.” प्राणिशास्त्राच्या पुस्तकात याहून नेमके वर्णन मला सापडलेले नाही. जुन्या कवचाखाली नवे मऊ कवच चुण्या पडलेल्या अवस्थेत तयार होते. मग पाठीचे कवच आणि उदर यांच्यामधली शिवण उकलते आणि खेकडा मागच्या मागे सरकत त्यातून बाहेर येतो, चिमट्याचे जाडजूड मांस त्याच्या चिंचोळ्या सांध्यातून ओढून काढत. बाहेर आल्याबरोबर तो पाणी पिऊन फुगतो, आणि तेवढ्या वाढीव मापावर कवच कडक होते. पुढच्या काही आठवड्यांत त्या पाण्याची जागा मांस घेते. मधल्या काळात असा खेकडा जो विकत घेतो, त्याच्या पदरी पाणी पडते.

कात म्हणजे बाहेरचे कवच एवढेच नव्हे. कल्ल्यांवरचे आवरण, जठराचे अस्तर आणि त्यातले अन्न दळणारे दातसुद्धा त्याबरोबर निघून येतात. कीटकांत श्वासनलिकांचे अस्तर निघते. तळ्याकाठच्या गवतावर चतुराची वाळलेली कात मिळाली तर तिच्या पाठीच्या फटीतून पांढरे दोरे लोंबताना दिसतात, ते हेच. झुरळही कात टाकते, आणि नुकतीच कात टाकलेले झुरळ दुधासारखे पांढरे असते. ही कोणती तरी निराळी, परदेशी जात असल्याचे मला अनेकदा सांगण्यात आले आहे. ते काही तास तसेच राहू दिले, तर ते आपोआप तपकिरी होते, पण एवढा संयम कोणाच्या चपलेत नसतो.

कात केव्हा टाकायची हे रक्तातले एक संप्रेरक ठरवते. १९५४ मध्ये जर्मनीत बुटेनांट आणि कार्लसन यांनी रेशीमकिड्यांच्या ५०० किलो कोशांतून त्याचे केवळ २५ मिलिग्रॅम स्फटिक मिळवले. त्याला एक्डायसोन म्हणतात. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात शेवंडांच्या एका जातीच्या सुमारे एक टन मालातून २ मिलिग्रॅम द्रव्य वेगळे करण्यात आले आणि ते त्याच संप्रेरकाचे किंचित बदललेले रूप निघाले. कवचधाऱ्यांत या संप्रेरकाला आवर घालणारी ग्रंथी डोळ्याच्या देठात असते. देठ कापला तर कात लवकर पडते, हे १९०५ पासून माहीत आहे. त्याच देठातून अंडाशयालाही आवर घातला जातो, म्हणून हॅचरीत टायगर कोळंबीच्या मादीचा एक डोळा देठासकट काढून तिला अंड्यावर आणण्याची पद्धत रूढ झाली. उपाय गुणकारी आहे, पण तो पाहताना मन कचरते, आणि ती पद्धत टाळण्याचे प्रयत्न होत आहेत हे मला बरे वाटते.

रांगेतल्या कोणी कोणते काम करायचे हे ठरवणारी जनुके माशीत प्रथम कळली. एडवर्ड लुईस यांच्या चार पंखांच्या माशीला, म्हणजेच त्यामागच्या दीर्घ अभ्यासाला, १९९५ चे नोबेल मिळाले. या हॉक्स जनुकांपैकी कोणते कोणत्या खंडात चालू आहे, यावर त्या खंडाची ओळख ठरते. २०१६ मध्ये पॅरिआले या छोट्या सागरी कवचधाऱ्यात ही जनुके एकेक करून निकामी करण्यात आली. एक जनुक काढल्यावर छातीवरचे चालण्याचे पाय घास धरणाऱ्या जंभपादांसारखे झाले, आणि दुसरे काढल्यावर उदरावरच्या पोहण्याच्या उपांगांच्या जागी चालण्याचे पाय आले. मला तो शोधनिबंध वाचताना परीक्षेचे कार्ड दिसत होते, फक्त त्यावरचे तुकडे कोणीतरी जागेवरून हलवले होते. कीटकांच्या उदराला पाय नसतात तेही याच जनुकांच्या बंदीमुळे, आणि सुरवंटाच्या पोटाखालचे मांसल पाय म्हणजे ती बंदी काही खंडांपुरती उठल्याची खूण आहे.

सर्वच कवचधारी आपली पिल्ले समुद्रात सोडून मोकळे होत नाहीत. नदीच्या कोळंबीची मादी अंडी वल्ह्यांना चिकटवून बाळगते, आणि मोठ्या जातीची मादी ती फुटण्याच्या सुमारास खाडीकडे उतरते, कारण तिच्या पिल्लांना मचूळ पाणी लागते. ही गोष्ट १९६१ च्या सुमारास मलेशियात शाओ-वेन लिंग या मत्स्यशास्त्रज्ञांच्या ध्यानात आली, आणि त्यानंतरच या कोळंबीची शेती शक्य झाली. सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या खेकड्याने तर समुद्राशी संबंधच तोडला आहे. त्याची अंडी थोडी आणि मोठी असतात, त्यांतून थेट खेकडाच बाहेर येतो, आणि आई त्या मसुरीएवढ्या पिल्लांना पोटाच्या झाकणाखाली घेऊन हिंडते. लहानपणी पहिल्या पावसात बत्ती घेऊन खेकड्यांना गेलेल्या मामांनी एकदा अशी मादी उलटी करून दाखवली होती. झाकण उचलताच आत सगळे वळवळत होते. मामांनी ते हलकेच मिटले आणि तिला पाण्यात ठेवले. समुद्रातली पिल्ले ज्या पायऱ्या पोहत चढतात, त्यांतल्या बहुतेक ही पिल्ले अंड्यातच आटोपतात. पण तीन जोड्यांची पायरी तिथेही चुकत नाही. अंड्यातल्या गर्भात आधी मिशांच्या दोन जोड्या आणि जबडा उमटतो, मग बाकीचे.

गेल्या आठवड्यात मावशींकडे नदीची कोळंबी आली होती, आणि त्यातल्या एकीच्या पोटाखाली अंडी होती, नारिंगी नव्हे, करडी. भिंगाखाली प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके दिसले. ते डोळे असतात, आणि अंडी करडी झाली म्हणजे फुटायला फार दिवस उरलेले नसतात. अंडी बाजूला ठेवून मी तिला कॅलेंडरच्या जुन्या पानावर उताणी केली, कपाटातून चिमटा आणला, आणि सर्वांत आधी पहिली जंभिका काढून पाण्याच्या थेंबात ठेवली.